आगवाल्यांचं घर

शील्ड्स या इंग्रजी बंदरात मिल डॅमचा चढ चढून डावीकडे वळलं की कूपर लेन लागायची, आणि त्या लेनच्या सात नंबरात पंचवीस वर्षांत किती येमेनी खलाशी राहून गेले ते एक अल्ला जाणे आणि दुसरी विनी जाणे.

विनी म्हणजे घराची मालकीण. शील्ड्सच्याच एका गोदीतल्या सुताराची मुलगी. एकोणीसशे अकरा साली तिनं घालिब थाबितशी निकाह लावला तेव्हा बापानं बजावलं, पुन्हा तोंड दाखवू नकोस. आणि विनीनंही हट्टानं दाखवलं नाही. तरणे खलाशी तिला खाला म्हणत, म्हातारे उम्म नाजी, म्हणजे नाजीची आई म्हणत. नाजी हा तिचा मुलगा, तो आता दक्षिण अमेरिकेच्या फेऱ्या करत होता. लेनमधल्या बायका तिला विनीच म्हणत, तेही बोलायची वेळ आलीच तर.

घर सुरू झालं तेव्हा खाली दोन खोल्या, वर तीन, आणि भांडी शेजाऱ्यांनी टाकून दिलेली. महायुद्धात या घरातून निघालेले अकरा जण समुद्रात बुडाले. त्यांच्या पेट्या विनीनं माळ्यावर जपून ठेवल्या आणि एकेक करून त्यांच्या गावी धाडल्या. एकोणीस साली परक्या खलाशांवर चिडलेल्या टोळक्यानं खिडक्या फोडल्या, तेव्हा ती लाटणं घेऊन दारात उभी राहिली आणि टोळक्यातल्या चौघांना त्यांच्या आयांच्या नावानं हाका मारल्या. चौघंही मुकाट्यानं घरी गेले. मग बेकारी आली. महिनोन्‌महिने जहाज नाही, तरी विनीनं कुणाला ऊठ म्हटलं नाही. पीठ संपत आलं की असीद, म्हणजे पिठाची उकड, पातळ व्हायची, एवढंच.

पण या घराचं खरं नाव झालं ते घालिबच्या एका नियमामुळे. घालिब स्वतः आगवाला. आगवाला म्हणजे जहाजाच्या पोटात, बॉयलरच्या भट्टीसमोर उभा राहून कोळसा फेकणारा. त्याचा धाकटा भाऊ मुसइद त्याच्याच जहाजावर होता. ऑगस्टात, तांबड्या समुद्रात, उकाड्यानं तो भट्टीसमोरच कोसळून मेला. त्याच्या मुठीतून फावडं सोडवून घ्यावं लागलं होतं. त्या दिवशी घालिबनं ठरवलं ते ठरवलं.

"समुद्रावर राबता ना जनावरासारखे? मग माझ्या दाराच्या आत साहेब व्हायचं. पाय पसरून बसायचं. फावड्याला हात लावायचा नाही."

आणि लावूच द्यायचा नाही तो. बावीस तगडे आगवाले शेकोटीभोवती पाय पसरून कॉफीच्या टरफलांचं, सुंठ घातलेलं किश्र पीत बसलेत आणि मालक-मालकीण तळघरातून कोळशाच्या बादल्या वर आणतायत, हे दृश्य बघून नवा माणूस ओशाळायचा. शाइफ नावाच्या पोरगेल्या खलाशानं एकदा नुसती बादली उचलली, तर घालिब दोन दिवस त्याच्याशी बोलला नव्हता. चौतीस साली घालिब गेला. जाताना त्यानं विनीचा हात धरून एकच गोष्ट मागितली: नियम मोडू नकोस. विनीनं शब्द दिला. तेव्हापासून सगळ्या बादल्या ती एकटी उचलत होती.

पस्तीस साली गावच्या कमिटीनं खलाशांच्या घरांसाठी नवे नियम काढले. प्रत्येक खोलीत कमीत कमी साठ डिग्री फॅरनहाइट ऊब, प्रत्येक नळाला गरम पाणी, सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत. इन्स्पेक्टर दिवसभर बसून तपासणार. पास झालं तर परवाना, नाही तर दाराला कुलूप. वर कूपर लेनच्या एकवीस शेजाऱ्यांनी अर्ज दिला होता, की हे घर इथून हलवावं. पहिली सही भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या अ‍ॅडा क्लफची. घर गेलं तर बावीस जणांना पत्ता उरणार नव्हता, आणि पत्ता नसलेल्या माणसाला जहाजावर कोणी घेत नव्हतं. विनीला तर दुसरं काही उरतच नव्हतं.

तिनं हातपाय हलवले. मोडीत काढलेल्या एका टगबोटीचा बॉयलर मिळवला. घराच्या मानानं तो अवाढव्य होता. तळघरात उतरवताना दाराची चौकट काढावी लागली. फिटरनं खोल्या-खोल्यांतून पाइप फिरवले. तपासणी ठरली छत्तीसच्या जानेवारीत, गुरुवारी. आणि मंगळवारी सकाळी तळघराच्या बर्फाळलेल्या पायऱ्यांवरून विनी बादलीसकट घसरली. डॉक्टरनं उजवा हात गळ्यात बांधून दिला आणि महिनाभर हलवायचा नाही म्हणून सांगितलं.

त्याच दुपारी हाजी मुकबिलनं सगळ्यांना मागच्या नमाजाच्या खोलीत जमवलं. हाजी मुकबिल पासष्टीचा, चाळीस वर्षं भट्टीसमोर काढलेला, आता समुद्र सोडून याच घरात राहिलेला. त्याचं बोलणं कमी आणि वजन जास्त.

"उम्म नाजी, गुरुवारी भट्टी आम्ही पेटवणार," तो म्हणाला.

"नाही."

"एका हातानं तू काय करणार आहेस?"

"डाव्या हातानं करीन. हाजी, मी त्यांना शब्द दिलाय. तुमच्यासमोर दिलाय. तुम्हीच तिथं बसला होतात."

"बसलो होतो. पण घरच गेलं तर शब्द कुठं ठेवणार? रस्त्यावर?"

"रस्त्यावर तर रस्त्यावर! पण घालिब थाबितच्या विधवेनं त्याच्या पाहुण्यांकडून कोळसा ओढून घेतला, असं मी म्हणू द्यायची नाही. झालं माझं."

शाइफ न राहवून म्हणाला, "खाला, तू आमच्यापेक्षा जास्त येमेनी झालीयेस."

"मग गप बस आणि मोठ्यांचं ऐक," विनी म्हणाली आणि निघून गेली. स्वयंपाकघरात जाऊन मात्र ती रडली. खांदा ठणकत होता आणि रागही येत होता: मरणाऱ्या माणसानं असं काही मागू नये, आणि मागितलं तर बायकोनं इतक्या घाईनं हो म्हणू नये.

बुधवारी सकाळी ती नेहमीसारखी दारातली पायरी घासायला बसली. कूपर लेनमध्ये बाईची पत तिच्या पायरीवरून ठरते. चूल पेटली नाही तरी चालेल, पण पायरी दगडानं घासून पांढरी शुभ्र झालीच पाहिजे. येमेनी नवऱ्यामुळे विनीकडे लेनचे डोळे जरा जास्तच असायचे, म्हणून तिची पायरी सगळ्यांत पांढरी. त्या दिवशी डाव्या हातानं तिला पाऊण तास लागला. उठून कमरेवर हात ठेवून ती बघते, तर लेनच्या तोंडाशी बावीस जण येताना दिसले. पुढे हाजी मुकबिल, डोक्याला पांढरा फेटा, कमरेला सणासुदीचा खंजीर. आणि शाइफच्या हातात दोरी, दोरीला एक मोठा काळ्या तोंडाचा मेंढा.

 पंचवीस वर्षांत विनीला याचा अर्थ पुरता ठाऊक झाला होता. येमेनच्या डोंगरांत रीत आहे: ज्याच्याकडे मागणं आहे आणि जो ऐकत नाही, त्याच्या दारात जनावर कापायचं. दारात रक्त सांडलं की त्याला नाही म्हणता येत नाही. म्हटलं तर त्याच्या सात पिढ्यांची अब्रू गेली.

"हाजी, तिथंच थांबा!"

"मागं हो, उम्म नाजी. बिस्मिल्ला म्हणायचं तेवढं राहिलंय."

"अहो, कुठं कापताय? इथं?"

"तुझ्या दारात. रीत दाराचीच आहे."

"आत्ता घासलीय ती पायरी! एका हातानं घासलीय! उद्या इन्स्पेक्टर यायचाय आणि तुम्ही माझ्या पायरीवर मेंढा कापता? ती अ‍ॅडा पडद्याआडून बघतेय, दिसत नाही का तुम्हाला?"

अ‍ॅडाच नाही, समोरचे सातही पडदे हलत होते. हाजी शांतपणे म्हणाला, "मग हो म्हण."

"मी शब्द दिलाय!"

"तुझा शब्द मोडायला आम्ही आलो नाही. आमचं मागणं घालिबपुढेच ठेवायला आलोय. घालिब इथं असता, तर त्यालाही हो म्हणावं लागलं असतं. दारात रक्त सांडल्यावर नाही म्हणणारा माणूस तो नव्हता. तूही नाहीस. शाइफ, मेंढा आडवा कर."

मेंढ्याचे पुढचे दोन पाय पायरीवर आले. चिखलाचे दोन खूर, पांढऱ्या दगडावर उमटलेले. विनीनं ते पाहिले, आणि पंचवीस वर्षांची येमेनी रीत एकीकडे आणि जन्माची शील्ड्सची रीत दुसरीकडे, अशी ओढाताण तिच्यात पाऊण मिनिट चालली असेल.

"हो!" ती ओरडली. "हो म्हणते! घ्या काय फावडी घ्यायची ती! पण आधी ते जनावर खाली उतरवा!"

"कापल्याशिवाय चालतं का, हाजी?" शाइफनं हळूच विचारलं.

"तोंडातून हो निघालं ना? चालतं," हाजी म्हणाला. मेंढ्याला अर्थात त्याचा काही उपयोग झाला नाही. दुपारी त्याला रीतसर हलालवाल्या कसायाकडे नेलं, कारण गुरुवारी रात्री काही झालं तरी जेवण व्हायलाच हवं होतं. विनीनं पायरी पुन्हा घासली. आणि खरं सांगायचं तर घासताना तिला हसू येत होतं आणि छातीवरचा एक दगडही उतरल्यासारखा वाटत होता.

गुरुवारी इन्स्पेक्टर हेडली आठाला दहा कमी असताना आला. जाड ओव्हरकोट, बारीक मिशी, बगलेत सहा थर्मामीटर आणि अर्जाची फाइल. माणूस वाईट नव्हता. नियमाच्या पुस्तकाबाहेर एक पाऊल टाकायचा नाही, इतकंच. बाहेर नदीवरून बोचरा वारा येत होता आणि छपरावर वीतभर बर्फ साचलं होतं. प्रत्येक खोलीत एकेक थर्मामीटर टांगून तो दिवाणखान्यात कोटासकट बसला.

तळघरात हाजीनं पहाटेच भट्टी पेटवून जहाजावरच्यासारख्या पाळ्या लावल्या होत्या. आठ ते बारा, बारा ते चार, चार ते आठ. एका माणसाचं काम, आणि पाळीला सात-सात जण. इथंच सगळी गंमत झाली. या बावीस जणांनी आयुष्यात लहान आग पेटवलीच नव्हती. त्यांना येत होती ती चार हजार टनी जहाज समुद्रावरून ओढून नेणारी आग. जहाजावर इंजिनीयर यायचा तो एकच गोष्ट ओरडायला: आणखी वाफ! कमी करा असं त्यांना जन्मात कुणी म्हटलं नव्हतं.

आठच्या ठोक्याला पारा साठावर होता आणि विनीनं अल्लाचे आभार मानले. दहाला पंचाहत्तर झाला. हेडलीनं ओव्हरकोट काढला. अकराला त्यानं आतला कोट काढला आणि माफी मागून टायही सैल केली. नळातून पाण्याऐवजी वाफ यायला लागली. जिन्याजवळचा भिंतीचा कागद सुटून हळूहळू खाली वाकायला लागला, आणि बाराच्या ठोक्याला छपरावरचं सगळं बर्फ एकदम घसरून धप्पकन लेनमध्ये पडलं.

विनी तळघराच्या दाराशी धावली. "हाजी, पुरे! नव्वद झालेत!"

"नव्वदच?" खालून आवाज आला. दुसरी पाळी नुकतीच उतरली होती. "पहिल्या पाळीनं नव्वदवर दिलं? बघा रे, आपल्या वेळी उतरलं असं कुणी म्हणता कामा नये!"

"अरे उतरू दे! उतरलं पाहिजे!"

"खाला, तू वर बस. पाय पसरून बस," शाइफ फावडं भरत म्हणाला. "आज तू साहेब."

 ती वर आली तर हेडली घाम पुसत नियमाचं पुस्तक चाळत होता. विनीला वाटलं, संपलं. जास्त तापवल्यामुळेच नापास होणार आपण. जगात आजवर कुणी असं नापास झालं नसेल.

"मिसेस थाबित, इथं कमीत कमी साठ असं लिहिलंय," हेडली सावकाश म्हणाला.

"हो."

"जास्तीत जास्त किती, याबद्दल काही लिहिलेलं नाही. दोनदा बघितलं मी." त्यानं शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "थोडं थंड पाणी मिळेल का?"

चारला तिसरी पाळी उतरली. पारा शंभराला टेकला. बॉयलरची झडप शिट्ट्या मारायला लागली आणि हाजी मुकबिल गाणं ऐकावं तसा मान डोलवत ती ऐकत बसला. पाच वाजता दारावर थाप पडली. अ‍ॅडा क्लफ. अंगावर घरातला झगा, पायांत सपाता, चेहरा लालबुंद. 

हेडलीनं फाइल उघडली. "मिसेस क्लफ. अर्जावर पहिली सही तुमची. काही सांगायचंय?"

"सांगायचंय म्हणजे? भिंत तापलीय माझी!" अ‍ॅडा ओरडली. "हात ठेववत नाही!"

"म्हणजे तक्रार आहे."

"आहेच मुळी! चांगली मोठी तक्रार आहे. ही बाई पंचवीस वर्षं माझ्या भिंतीला लागून राहते, हिला हे आधी का नाही सुचलं?"

कुणालाच काही कळेना. अ‍ॅडाचा आवाज एकदम खाली आला. "माझा टॉम अकरा आठवडे अंथरुणाला खिळलाय, साहेब. छातीनं. घरात कोळसा नाही. आज दुपारी त्याची पाठ मी त्या भिंतीला टेकवली. आता उठून बसलाय. चहा मागितला. शिवी घालून मागितला!" तिनं झग्याच्या बाहीनं नाक पुसलं. "माझी सही खोडा. आणि खालच्या वीस सह्यापण दारोदार फिरून मीच गोळा केल्या होत्या. त्या कशा खोडायच्या तेवढं सांगा."

"ज्यांच्या आहेत त्यांनी स्वतः यावं लागेल."

"येतील की. बाहेरच उभे आहेत, थंडीत कुडकुडत. विनी, आत घेऊ ना गं?"

गं म्हणाली! पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. विनीनं नुसतं दार पूर्ण उघडलं. सगळी कूपर लेन आत आली: पोरं, म्हाताऱ्या, काठीवाले, एक मांजरसुद्धा. जिन्यावर, ओसरीत, जागा मिळेल तिथं बसली. सुट्टीवरच्या पाळ्यांनी त्यांना किश्र वाटलं. सुंठीच्या ठसक्यानं कोणी खोकलं, कोणी दुसरा पेला मागितला. हेडली टेबलाशी बसून ओळीनं सह्या खोडत होता आणि प्रत्येक सहीपाशी थांबून कपाळ पुसत होता. अर्जाच्या कागदावर शेवटी एकही नाव उरलं नाही.

आठ वाजले. त्यानं सहाही थर्मामीटर गोळा केले. एक तडकलं होतं. मग त्यानं छापील परवाना काढला आणि पेन उचलून थांबला. "आजवर हे घर मिस्टर थाबित यांच्या नावानं होतं. चालक म्हणून आता कोणाचं नाव घालू? बाईचं नाव यापूर्वी घातलेलं नाही मी कधी."

"पुस्तकात नको असं लिहिलंय का?" विनीनं विचारलं.

हेडली पहिल्यांदाच हसला. त्यानं लिहिलं: विनिफ्रेड थाबित.

ओला कागद डाव्या हातात धरून ती तळघराच्या पायऱ्या उतरली. आणि तिथंच उभी राहिली. तेवीस वर्षं ती एका आगवाल्याची बायको होती, बावीस आगवाल्यांचं ती रोज रांधत होती. पण भट्टीसमोरचा आगवाला तिनं कधी पाहिला नव्हता. घालिबनं पाहूच दिला नव्हता. तिला वाटायचं, तिथं फक्त मरण आहे. आता ती बघत होती: उघडी अंगं घामानं चकाकतायत, एक वाकतोय तेव्हा दुसरा उठतोय, कुणाचं फावडं कुणाला लागत नाही, कोळसा जिथं पडायला हवा तिथंच पडतोय, आणि हाजी नुसत्या बोटानं खूण करतोय. माझा माणूस हे करत होता, तिला वाटलं. इतकं सुंदर काहीतरी करत होता, आणि त्याची लाज बाळगून गेला. तिला खूप वाईट वाटलं आणि त्याहून किती तरी जास्त अभिमान वाटला.

"मिळाला," ती म्हणाली. तिचा आवाज भट्टीच्या घरघरीत बुडाला, म्हणून तिनं कागद उंच धरला.

फावडी थांबली. हाजी मुकबिलला इंग्रजी वाचता येत नव्हतं. हात पँटला पुसून त्यानं कागद घेतला, उजेडात धरला, शाईच्या रेघेवर बोट ठेवलं.

"नाव कुणाचं आहे?"

"माझं, हाजी."

त्यानं कागद परत दिला. मग चाळीस वर्षं जहाजाच्या मुख्य इंजिनीयरसमोर उभा राहायचा तसा तो पाय जुळवून ताठ उभा राहिला. त्याच्यामागे सातही जण एका रांगेत आले. वरून पाळ्यांची माणसं उतरली, तीही रांगेत लागली. शाइफचे दात तेवढे काळ्या तोंडात दिसत होते.

"मग हुकूम दे, चीफ," हाजी म्हणाला.

दिवसभर ती कमी करा, कमी करा म्हणून ओरडत होती आणि एकानंही ऐकलं नव्हतं. विनीनं डोळे पुसले, गळ्यातला हात सावरला.

"आग उतरवा," ती म्हणाली. "आणि हात-तोंड धुऊन वर या. मटण निवतंय, आणि अख्खी लेन तुमच्यासाठी जेवायची थांबलीय."

बावीस जणांनी एका आवाजात हो म्हटलं, आणि आग तत्काळ उतरली.